प्रवाळांची रात्र

प्रिय अवी,

आज सकाळी संभाजीनगरच्या तुझ्या मत्स्यालयवाल्याला फोन केला. टाकीसाठी दिवे हवेत म्हटलं. तो म्हणाला, “ट्यूब की एलईडी, मॅडम? सरांना विचारून सांगा ना.” तू गेल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. “बरं, विचारते,” म्हटलं आणि फोन ठेवला.

म्हणून विचारते आहे. जन्मभर माझं न ऐकता स्वतःचंच खरं केलंस. आता उत्तर दे की!

बुलढाण्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि सुमन गेल्यावर तुमचा दोघांचा संसार आवरून तू माझ्याकडे राहायला आलास तो काचेची टाकी घेऊन! गोड्या पाण्यात मोजूनमापून मीठ कालवलंस, वाळू अंथरलीस, प्रवाळ लावलेस. मी म्हटलं, “अवी, समुद्र जिथे आहे तिथे राहू दे ना.” तू हसून आणखी एक प्रवाळ रोवलास.

दिव्यांवरून आपण किती भांडलो रे! आधी तू तो मेटल हॅलाइडचा मोठा दिवा आणलास. त्याच्याखाली वाळूवर उन्हाच्या रेघा नाचायच्या, अगदी खऱ्या समुद्रासारख्या, हे मी मान्य करते. पण पाणी तापायचं. वैशाखात टाकीला पंखा लावून तू शेजारी घाम पुसत बसायचास. मग आल्या निळ्या-पांढऱ्या ट्यूब. मी कानीकपाळी ओरडत होते, एलईडी घे, थंड असते, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चालते. तुझं एकच. “ताई, एलईडी वरून टोचते गं. खालच्या फांद्या सावलीत राहतात. ट्यूब कशी मायेनं उजेड देते!” मायेनं! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी आम्हाला विजेच्या दिव्याचं शास्त्र शिकवलं, त्यात माया कुठेच नव्हती.

तू गेलास तेव्हा तुला त्या टाकीसमोरच ठेवलं. हॉलमध्ये दुसरी जागा कुठे होती? मग तिथेच दिवा लावला. मेहकरहून लीलामावशी आली होती. संध्याकाळी टायमरने टाकीचे दिवे बंद झाले, तशी ती धावतच आली. “बंद काऊन झाला व हा? अवीचा दिवा हाये तो. तेरवीपर्यंत इझू द्याचा नाही!” आणि टायमर काढून तिने वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली. मी तेव्हा आतल्या खोलीत, “शेवटी फार त्रास झाला का हो?” या प्रश्नाला प्रत्येक पाहुण्यासाठी नव्याने उत्तर देत होते.

तेरवीपर्यंत तुझी टाकी रात्रंदिवस पेटलेली राहिली, अवी, आणि त्या गर्दीत माझं तिकडे लक्षच गेलं नाही.

प्रवाळाच्या अंगात बारीक जीव राहतात, ते उजेडावर अन्न करून त्याला पोसतात, उजेड अति झाला की ते प्रवाळाला सोडून जातात आणि रंगही त्यांच्याबरोबर जातो, हे तू मला ऐकवून ऐकवून कंटाळा आणलास. पण घरात येणाऱ्या एकाला तरी कधी सांगितलंस का, की यांना रात्र लागते? रंग तेवढे कौतुकाने दाखवलेस!

तेरवीच्या सकाळी जळका वास आला. ट्यूबचा चोक गेला होता. टाकीत वाकून पाहिलं तर सगळं पांढरं, धुतल्यासारखं. फक्त तुझ्या त्या हिरव्या प्रवाळाची बोटं अजून हलत होती. तीही फिकट.

मी मावशीवर ओरडले, भर पाहुण्यांत. ती मटकन खाली बसली. “मले काय मालूम व बाई,” म्हणाली, “दगडाले बी झोप लागते म्हनून!” मी उठून तिला पाणी दिलं.

येणाऱ्याजाणाऱ्यांचे सल्ले तर विचारूच नकोस. टाकी रिकामी करा, प्लास्टिकचे प्रवाळ मिळतात, दोन गोल्डफिश सोडा, शो राहतो. शो! घरात माणूस गेलंय, दुकान नाही उघडलेलं!

तर ऐक. मी एलईडीच घेते आहे. जिंकले म्हणून नाही. तुझ्या ट्यूब लागल्या की भरउजेडाने लागतात, आणि आजारी प्रवाळाला तेवढा उजेड सोसायचा नाही. एलईडी अगदी मंद ठेवता येते, मग जरा जरा वाढवता येते. टोचते म्हणालास ना? म्हणून एक दिवा न घेता दोन लांब पट्ट्या घेते, पुढून एक, मागून एक, म्हणजे खालच्या फांद्या सावलीत राहणार नाहीत. एवढं तुझं ऐकलं. आता तरी समाधान?

रंग परत येईल का, मला ठाऊक नाही. महिने लागतील, किंवा उरलेली बोटंही विरघळून जातील. तू हाताने लावलेलं, अजून जिवंत असलेलं या घरात तेवढंच आहे. सकाळी खिडकीचा उजेड टाकीवर येतो, तेव्हा आत बघायला धीर होत नाही.

पण तुला वचन देते. लवकर बरं व्हावं म्हणून उजेड वाढवायची घाई करणार नाही. मेलंच, तर त्या जागी प्लास्टिक लावून सोंग करणार नाही. आणि रंग आला, तर लोकांना दाखवण्यासाठी एक संध्याकाळसुद्धा दिवे जास्त वेळ चालू ठेवणार नाही. बाहेर अंधार पडला की टाकीतही अंधार करीन आणि तिथेच बसेन. त्या अंधाराची मला सवय झाली आहे, असं मात्र खोटं लिहिणार नाही.

अजूनही तुझ्यावर चिडलेली,
तुझी ताई