पट्टीखालचं नाव

३ मार्च, सोमवार

खटल्याचे शेवटचे अकरा खोके आले! ही माझी अखेरची मोठी फाइल, जूनमध्ये निवृत्ती. समोर कोण, तर जिच्या दुकानातून निम्मं जग फोनवर ॲप घेतं ती कंपनी. लहान विक्रेत्यांना तिनं मुद्दाम यादीच्या तळाशी ढकललं, हे आम्ही सिद्ध करणार. आम्ही — गळक्या कॉफीयंत्राची ब्रुसेल्सची सरकारी कचेरी!

कंपनीचे वकील फाइल वाचायला येण्याआधी साक्षीदारांची नावं झाकणं हे माझं काम. एकतीस वर्षांत एकही फुटलं नाही. कचेरीतल्या नव्या पोरांना वाटतं, कॉम्प्युटरवर काळी पट्टी ओढली की झालं. अरे, पट्टीखालची अक्षरं जिवंतच असतात, उचलून दुसरीकडे चिकटवली की बोलतात! मी कागद छापते, खिडकीशी उजेडात धरते, मग पुन्हा स्कॅन करते. शाळेत सिस्टर अल्डेगोंडा आमच्या वह्या अश्शाच धरायच्या, खोडलेलं वाचायला.

दुआर्ते साहेबांनी या वेळी सुनावणीत खुर्ची देऊ केलीय. इतक्या वर्षांत मी आत कधी बसलेच नाही.

५ मार्च

सहा खोके उरले. मान धरलीय.

९ मार्च, रविवार

माझी लेक ग्रीत घेंटहून जेवायला आली. हॅममध्ये गुंडाळलेले चिकोरीचे कोवळे कोंब केले, वर चीज. तिची चौघांची कंपनी सायकलवाटांचे नकाशे विकते — त्याच बड्यांच्या दुकानातून. म्हटलं, "त्रास देतात का गं तुम्हाला?"

"पाण्यात राहून माशाशी वैर कोण करेल, ममा? तुम्ही करा. तुमचा निकाल लागेपर्यंत मी आजी होईन!"

"आधी लग्न तर कर."

हसलो. पण लागलं मला. माझी पोर इतकी भित्री कशी?

११ मार्च

साहेबांनी बंद पाकीट दिलं. "मादाम गोदेलीव, हा सगळ्यात मोलाचा जबाब. नाव कळलं तर कंपनी यांचं ॲप एका दिवसात गायब करेल."

उघडलं. शेवटच्या पानावर सही — ग्रीतची.

सोळा पानं! धमक्या, तारखा, सगळं. दोन वर्षं हे करतेय आणि माझ्यासमोर बसून चिकोरी खातेय!

नियम असा, की नातलगाचं नाव दिसलं तर सांगायचं आणि फाइल सोडायची. म्हणजे खुर्चीही गेली. गुपचूप झाकलं तर कुणाला कळणार आहे?

१२ मार्च

सांगितलं. साहेब उभेच राहिले. "अभिनंदन करू की माफी मागू?"

"दोन्ही करा," म्हटलं.

१४ मार्च

कॉफीपाशी शेजारच्या टेबलाचा बेर्तिल म्हणाला, "फाइल काढून घेतली म्हणे? शेवटी चुकलातच ना?"

"वय झालं रे."

इतकं गोड खोटं आयुष्यात बोलले नाही.

१६ मार्च, रविवार

ग्रीतशी जबाबाबद्दल काही बोलायचं नाही, नियमच आहे. नुसती वाढत राहिले. "ममा, पुरे! मी काय उपाशी आहे का?" हात किती बारीक झालेत तिचे. झोपत नसणार.

२० मार्च

ग्रीतचा फोन. "ममा, मी एका खटल्यात साक्षीदार आहे. माझं नाव झाकू नका, असं आज तुझ्या साहेबांना लिहून दिलं. सोमवारी सुनावणीत बोलणार आहे. नावानिशी."

निळा कोट घाल, एवढंच सुचलं मला.