हाताचा गुण आणि चिनहटची बत्ती

३ मे १९८४, चिनहट, लखनौ
संकल्प: जूनअखेर जखमेवर ठेवायची जेलची पट्टी तयार. जंतू मारायचा भाग मी केव्हाच संपवलाय. आता जेल फक्त घट्ट व्हायची आहे. पावडर गरम पाण्यात विरघळवा, औषध घाला, ढवळा, ट्रेमध्ये ओतून रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी बाहेर काढा. पोराटोरांचं काम.

४ मे
ट्रेमध्ये कांजी. ढवळलं चारुलताबाईंनी. बाई नागपूरच्या, पीएच.डी., माझ्याच हुद्द्यावर. चमचा धरता येत नाही.

९ मे
काल स्वतः ढवळलं. रात्रभर बत्ती, म्हणजे वीज, ये-जा करत होती; घर नि लॅब एकाच लाइनवर. डास, घाम, झोप नाही. सकाळी लॅबमध्ये बघतो तर रबरासारखी पट्टी! उचलली तरी तुटेना. हाताला गुण लागतो, तो डिग्रीने येत नाही. चारुलताबाईंना हे समजावून सांगितलं. त्या फ्रीजकडे बघत होत्या.

१६ मे
रात्री पंखा अखंड. गाढ झोपलो. सकाळी पुन्हा कांजी. मीच ढवळलं होतं, पण मन थाऱ्यावर नव्हतं. थोडी घरी आणली. कांचनने ती लावून भूगोलाचा चार्ट चिकटवला. पापा, मस्त गोंद है, म्हणाली. नववीतली मुलगी, मराठी समजते पण बोलायची नाही. या घरात विज्ञानाला किंमत नाही.

२२ मे
डायरेक्टरांनी जाहीर केलं: २० जूनला फौजी डॉक्टरांची कमिटी. ज्याची पट्टी चांगली, प्रकल्प त्याचा. मी किंवा चारुलताबाई. दुसऱ्याने हाताखाली काम करायचं. इतकी वर्षं चिनहटला उन्हात भाजून घेतलं ते बाईंच्या हाताखाली जायला नव्हे. त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. थोडंसं.

२९ मे
रात्री तीनदा बत्ती गुल. पट्टी झकास. चारुलताबाई म्हणाल्या, सर, ती गोठून-वितळून, पुन्हा गोठून घट्ट होत असावी. बत्ती जाते त्याच रात्री जमते, बघा. कसंबसं हसू आवरलं. म्हणजे संशोधन वीजवाले करतात, आणि मी नुसता पगार घेतो!

६ जून
या बत्तीचा आता कायमचा बंदोबस्त. म्हणजे बाईंचं तोंडही बंद. साडू रमाकांत मानक नगरात रेल्वेत इंजिनियर. अर्धं लखनौ खिशात असल्यासारखा बोलतो. एकदा तरी उपयोगी पडू दे.

१३ जून
फत्ते! रमाकांतच्या ओळखीने आमची लॅब हॉस्पिटलच्या लाइनवर. आता बत्ती जाणार नाही. स्वखर्चाने पेढे वाटले. चारुलताबाईंनी अर्धाच घेतला. जळफळाट, दुसरं काय.

२० जून
कमिटी. आत्मविश्वासाने ट्रे उचलला, जरा जास्तच तिरका. सगळं ब्रिगेडियरसाहेबांच्या बुटांवर. त्यांनी विचारलं, ये ज़ख़्म पे लगाना है या पीना है?
चारुलताबाईंनी आपली पट्टी दोन बोटांत धरून ताणली. तुटली नाही. प्रकल्प त्यांचा. घरून करून आणली असणार. त्यांच्या गल्लीत बत्ती अजून जाते.
जेवलो नाही. फार लागलं.

२५ जून
पुष्कळ विचार केला. गोठण्या-वितळण्यात तथ्य आहे. निरीक्षण तसं माझंच, बाईंनी फक्त आधी उच्चारलं. भर दुपारी वीज कार्यालयात गेलो. आमची बत्ती रात्री तीनदा कापत जा, अशी विनंती केली. बाबूने आधी मला पाणी दिलं. मग सगळं ऑफिस गोळा केलं. म्हणाला, भाईसाहब, पहली बार कोई बत्ती कटवाने आया है. पण लाइन हॉस्पिटलची, कापता येत नाही. अडाणी खातं.
संध्याकाळी चारुलताबाईंना सांगितलं, तुमच्या प्रकल्पासाठी इतकं करून आलो. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.
म्हणाल्या, सर, मी रात्रीतून तीनदा फ्रीजचा प्लग काढते.