नगराध्यक्षांच्या चेहऱ्याच्या पिशव्या विणल्याबाबत

प्रति,
मा. सिल्व्हेरियो मालीगालीग,
नगराध्यक्ष,
सांता ब्रिहिदा, केसोन प्रांत.

विषय: शनिवारच्या हस्तकला व जुनी अक्षरे वर्गासाठी बास्केटबॉलचे मैदान पुन्हा उघडून मिळणेबाबत, तसेच आपला चेहरा परत करणे अशक्य झाल्याबाबत.

संदर्भ: आपल्या सचिवांची नोटीस, जी मैदानाच्या फाटकावर नव्या कुलपाशेजारी चिकटवलेली आहे.

महोदय,

१. अर्जदार ही या गावची निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून, दर शनिवारी मैदानाच्या छपराखाली गावकऱ्यांचा वर्ग विनामूल्य घेते. पंदानच्या पानांच्या चटया व बाजाराच्या पिशव्या विणणे, नारळाच्या झावळीचे पक्षी वळणे, आणि बायबायिन, म्हणजे स्पॅनिश जहाजे येण्यापूर्वी आपले पूर्वज जी अक्षरे लिहीत ती गिरवणे, हे वर्गाचे विषय आहेत. वर्ग एका बास्केटखाली बसतो व दुसऱ्या बास्केटखाली पोरे खेळतात. विणताना चेंडू डोक्यात बसल्याची तक्रार वर्गाने आजवर केलेली नाही, याची कृपया नोंद व्हावी.

२. वर्गाच्या रीतसर उद्घाटनासाठी आपल्या कार्यालयाने पंदानची पाने, एक फ्लेक्स आणि स्वतः आपण, असे तिन्ही पाठवण्याचे कबूल केले होते. पैकी फ्लेक्स आला. तो एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पोचत होता व त्यावर आपला हसरा चेहरा होता. वर्गाचे नाव खाली कोपऱ्यात होते आणि ते वाचण्यासाठी रिक्षावाले डोरोकाका, म्हणजे आपले मांग डोरो, यांना चष्मा दोनदा पुसावा लागला. पाने आली नाहीत. आपणही आला नाहीत, कारण त्या सकाळी आपण कोणाच्या तरी लग्नात धर्मपिता म्हणून उभे होतात. त्याचा कोणाला राग नाही. गावातली निम्मी जोडपी आपलीच धर्मलेकरे आहेत, आणि मयत तर आपण आल्याशिवाय कोणी उचलतच नाही.

३. नोटिशीतील पहिला आरोप शासकीय फ्लेक्स कापल्याचा आहे. तो अर्जदारास मान्य आहे. मात्र गावचा रिवाज आपणास माहीत आहेच, की कार्यक्रम उरकला की जो फ्लेक्सची दोरी सोडील, फ्लेक्स त्याचा. मागल्या जत्रेतले आपण सध्या मासेवाल्या आलिंग मामेर्ता यांच्या डुकरांवर छप्पर धरून आहात, आणि नाताळातल्या आपल्यावर रस्त्याच्या कडेला भात वाळत असतो. वर्गाची चूक एवढीच, की या वेळी कार्यक्रम उरकण्याआधीच दोरी सुटली. सगळे आपली वाट बघत रिकाम्या हाताने बसले होते. कोणी पंख्याने वारा घेत होते, कोणी जांभया देत होते. शेवटी आलिंग मामेर्ता म्हणाल्या, "पानं नाहीत तर नाहीत, मेयरसाहेब आहेत ना एवढे लांबरुंद? घ्या कापायला." त्यावर मांग डोरो म्हणाले, "मागच्या भाषणात तेच नाही का म्हणाले, हाताशी आहे त्यातून घडवा म्हणून?" हे भाषण अर्जदारानेही ऐकले होते. ज्येष्ठांच्या आज्ञेपुढे वर्गाचे काही चालले नाही व कात्र्या निघाल्या.

४. दुसरा आरोप "मा. नगराध्यक्षांचा चेहरा छिन्नविच्छिन्न करून बाजारात फिरवल्याचा" आहे. यातील "छिन्नविच्छिन्न" या शब्दास अर्जदाराची हरकत आहे. पट्ट्या अगदी सरळ कापल्या होत्या. ज्याच्या वाट्याला जो भाग आला त्याची त्याने पिशवी विणली, इतकेच. आलिंग मामेर्तांच्या पिशवीवर आपला डावा डोळा आला असून त्या ती मासळीच्या पाटीशेजारी टांगतात. त्यांचे म्हणणे असे, की "हा डोळा बघून गिऱ्हाईक भाव करायला कचरतं. मी तो देणार नाही, हवं तर साहेबांना एक बांगूस मासा देते." मांग डोरो यांनी कपाळाची चटई विणून रिक्षाच्या सीटवर घातली होती. तीवर प्रवासी बसतात हे अर्जदाराच्या कानावर येताच तिने त्यांची चांगली कानउघाडणी केली. ते म्हणाले, "अहो बाई, मी तर रोज पुसतो. खऱ्या कपाळाचा घाम कोण पुसतं?" 

५. नोटिशीत फ्लेक्स "मूळ स्वरूपात" परत करण्याचा हुकूम आहे आणि तोवर मैदानाला कुलूप. वर्ग हुकमाबाहेर नाही. सर्वांनी पिशव्या आणल्या व फाटकाबाहेर रस्त्यावर आपला चेहरा जुळवण्यास घेतला. आलिंग मामेर्ताही डोळा घेऊन आल्या, पण त्याच्यावरचा हात त्यांनी काढला नाही. अडचण विणीची आली. विणीत एक पट्टी वर येते तेव्हा दुसरी खाली जाते, त्यामुळे आपण चौकोनाआड एक चौकोन असे दिसू लागलात. कान भलत्याच ठिकाणी गेला. एका कोंबडीने हनुवटीवर घाण केली. आपले सचिव पाहणीस आले, बराच वेळ मान वाकडी करून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब असे नाहीत दिसत." मग त्यांनीच विचारले, "आणि तोंड कुठंय?"

६. महोदय, तोंड मिळाले नाही. ते आपल्या मातोश्री, लोला सेन्सिया, यांच्याकडे आहे. त्या वर्गात पहिल्या दिवसापासून येतात, सगळ्यांत कडेला बसतात आणि सगळ्यांत घट्ट विणतात. आपले हसू त्यांनी स्वतः मागून घेतले होते. ते परत मागण्यास अर्जदार स्वतः त्यांच्या दारी गेली. त्यांनी पाणी दिले, बसायला खुर्ची दिली आणि पिशवी मांडीखाली घातली. त्या म्हणाल्या, "हे तोंड मी जन्माला घातलंय, पान्यांग, त्याच्या कचेरीनं नाही. ज्याचं आहे त्यानं यावं अन् मागावं." अर्जदाराने कचेरीची धास्ती घालून पाहिली, तेव्हा म्हणाल्या, "बाजारात बाया विचारतात, लेक दिसत नाही तुमचा. मी पिशवी दाखवते. म्हणते, हा काय, बरोबरच आहे की. भाजी मावते त्याच्यात." एवढे बोलून त्या हसल्या. अर्जदाराला मात्र हसू आले नाही. ही गोष्ट अर्जात लिहिण्याजोगी नसली तरी खरी आहे.

७. तिसरा आरोप सर्वांत गंभीर आहे. त्याच पिशवीच्या आतल्या बाजूस, फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीवर, काळ्या शाईने तीन अनोळखी अक्षरे आहेत. लोला सेन्सिया बाजारातून येत असता सचिवांनी भाजी उचलून त्या अक्षरांचा फोटो काढला. हा विरोधी पक्षाचा निवडणुकीचा गुप्त संकेत असावा असा त्यांचा कयास आहे. फोटो पोलीस चौकीत लावण्यात आला. तेथील हवालदाराची बायको वर्गात येते. ती डबा द्यायला गेली असता तिने तो वाचला, परंतु तपास तिच्याकडे नसल्याने तिला कोणी विचारले नाही. तिने फक्त नवऱ्याला घरी सांगितले. दुसऱ्या दिवशी हवालदार रजा टाकून त्याच्या गावी, त्याच्या आईकडे गेला. चौकी बंद राहिल्याचे खापरही आता वर्गावर फोडण्यात येत आहे.

आपणास पहिलीत अक्षरे अर्जदारानेच गिरवायला दिली होती. ही तीन त्यांत नव्हती. म्हणून खुलासा करण्यात येतो, की ती उ, वी आणि ना अशी आहेत. आपल्या बोलीत उवी ना. आता घरी ये. वर्गात सर्वांना आपल्या मनातले काहीही एक लिहायला सांगितले होते. कोणी देवाचे नाव लिहिले, कोणी स्वतःचे. आलिंग मामेर्तांनी "उधार नाही" असे लिहिले. आपल्या मातोश्रींनी हे लिहिले. त्यासाठी त्यांनी आधी केळीच्या पानावर पुष्कळदा गिरवून घेतले. हा संकेत कोणत्याही पक्षाचा नाही. त्यांचे घर आपल्या कचेरीच्या समोर, चौकाच्या पलीकडे आहे, हे आपणास सांगावे लागू नये.

८. सबब नम्र विनंती, की मैदानाचे कुलूप काढावे. कुलूप लागल्यापासून वर्ग भरत नाही, आणि लोला सेन्सिया शनिवारी सवयीने येऊन फाटकाबाहेर पायरीवर बसून राहतात. त्यांच्या वयाला वर्गाशिवाय दुसरी सोबत नाही, ही अर्जदाराची खरी तक्रार असून बाकी मजकूर आपल्या नोटिशीला उत्तर द्यावे लागले म्हणून वाढला आहे. आपला चेहरा मूळ स्वरूपात परत करणे वर्गाच्या हातात नाही. ते फक्त आपल्याच हातात आहे. तो शनिवारी दुपारी घेऊन यावा. लोला सेन्सिया यांच्या शेजारी चटईवर जागा राखली आहे आणि पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. फ्लेक्स पाठवू नये. फोटोवाला आणू नये. पंदानची पाने आणल्यास बरे, न आणल्यास चालेल.

कळावे, आणि या खेपेस खरोखरच कळावे, ही विनंती.

आपली नम्र, व एके काळी आपल्या पाटीवर लाल खडू मारणारी,

(सही)
एपिफानिया देवेसा, ऊर्फ मिस पान्यांग
शनिवारचा वर्ग, सांता ब्रिहिदा
दि. २२ एप्रिल

सोबत जोडले आहे:
१) नोटिशीची प्रत. (मूळ प्रत कुलपाशेजारून निघत नाही.)
२) आपला उजवा कान, पिशवीसह. मालकिणीने खुशीने परत केला.
३) मैदान उघडण्यास आमची हरकत नाही, असे बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांचे पत्र.
४) सुमान, म्हणजे केळीच्या पानात उकडलेले चिकट भाताचे गोळे, दोन नग. लोला सेन्सिया दर शनिवारी करतात व आपल्यासाठी दोन बाजूला काढतात. हे सोबत जोडलेले नाहीत. ते घरी आहेत.