रिकाम्या नळीचा वास

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तापात गेलेली माझी वास घेण्याची शक्ती परतलेली नाही. कॉलेजात सांगितलेलं नाही. जेवण म्हणजे नुसतं चावणं. त्याचं वाईटही वाटत नाही.

यंदा संत्र्याच्या सालीतलं तेल नव्या रीतीने काढायला शिकवते आहे. पूर्वी त्याला डोकं उठवणारं विषारी द्रावक लागायचं. आता साल आणि कोरडा बर्फ, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, बंद नळीत घालायचा आणि नळी कोमट पाण्यात धरायची. दाबाखाली त्याचा द्रव होतो, तेल ओढून घेतो आणि मग हवेत उडून जातो. तळाशी तेल उरतं. काल मी साल काढलेली नळी हुंगून वा म्हटलं. मुलांनीही हुंगून माना डोलावल्या आणि जर्नलमध्ये लिहिलं, संत्र्याचा सुंदर वास. नंतर वजन केलं तर नळी रिकामी. झाकणच नीट बसलं नव्हतं, त्यामुळे दाब झाला नाही आणि तेल निघालंच नाही. मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. काहीच झालं नाही.

लोभ आहेच, तो असू दे.
तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझा शर्ट हुंगून मी कुठे उनाडलो ते आईला सांगणारी तू! पोरांनी हो ला हो केलं ते वाचून आधी हसलो, मग पत्र पुन्हा वाचलं. तुमच्याकडे गॅसचे बर्नर आहेत. उद्या गॅस गळला तर तुला कळणार नाही आणि तुझ्याकडे बघून पोरंही गप्प बसतील. नोकरीचं जे व्हायचं ते होवो, प्राचार्यांना सांग. नाहीतर मी येऊन सांगेन, मग बस माझ्या नावाने बोटं मोडत.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

२७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

सांगितलं. प्राचार्यांनी बर्नरचे प्रयोग दुसऱ्या सरांकडे दिले. माझं काय ते वर्षअखेर बघू म्हणाले. ऐकून घेतलं आणि वर्गावर गेले.

मुलांनाही सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. प्रयोग पुन्हा केला. पुढच्या बाकावरच्या मुलीने नळी हुंगली आणि सवयीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे तिला काही सापडेना. मग तिने डोळे मिटून पुन्हा हुंगलं आणि वास येत नाही म्हणाली. शेजारचा म्हणाला, येतो, थोडासा, कडवट. ती ऐकेना, तो सोडेना. दोघं माझ्याकडे पाठ करून भांडत राहिली. मी मध्ये पडले नाही. थोडं बरं वाटलं, ते तुला कळवावं म्हणून लिहिलं.

तुझा लोभ राहू दे.
ताई