दहा म्हणजे काय?

सोमवार, ३ जून

'काका, दहापैकी किती दुखतंय?' दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा प्रश्न. काका! असो. मी विचारलं, दहा म्हणजे काय? 'तुम्हाला कल्पना करता येईल तेवढं जास्तीत जास्त दुखणं.' आता घ्या! अख्खी हयात दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली. गुरू कोणी नाही, आपलं आपण शिकलो. प्रमाण वजन समोर ठेवल्याशिवाय मी काट्याला हात लावत नाही. आणि ह्यांचं प्रमाण काय, तर माझी कल्पना! ती दांडगी आहे. करवतीने पाय कापला जातोय असं डोळ्यांपुढे आणलं आणि म्हणालो — तीन.

त्यांनी पोट दाबलं. काल बेंबीपाशी होतं ते आज उजवीकडे खाली सरकलंय. मी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. आकडा दिला होता ना? मग चेहरा कशाला वाचायचा?

सोनोग्राफीत नीट दिसेना. अपेंडिक्सचा संशय आहे म्हणाल्या. 'सकाळ-संध्याकाळ फोन करून आकडा सांगायचा. पाचच्या वर गेला तर हातातलं काम टाकून निघून यायचं. ऑपरेशन करावं लागेल.'

बाहेर आल्यावर बायको — 'तीन? मग जिना चढताना आई गं म्हणून कोण ओरडलं?'

ओरडलो नव्हतो. पुटपुटलो होतो.

मंगळवार, ४ जून

तीन. कळवलं.

दुखणं कालच्यापेक्षा जास्त आहे, हे खरं. पण विचार केला — करवत बोथट असली तर? म्हणजे कालचा दहा हा दहा नव्हताच! दहा वर सरकवला. त्या मापाने आजचंही तीनच भरतं. हिशेब चोख.

मेहुणा येऊन गेला. मूतखड्याच्या वेळी ह्याने दारातूनच 'दहा!' ठोकून दिलं होतं. लगेच खाट, लगेच इंजेक्शन. 'भावोजी, चढवूनच सांगायचं असतं हो! नाहीतर विचारतो कोण?' असल्या लोकांमुळेच काटे बदनाम होतात.

बुधवार, ५ जून

ताप. एक उलटी. कण्हत नाही, फक्त श्वास मोठा आहे.

आजचा दहा — बोथट करवत, जखमेवर मीठ, आणि करवत चालवायला मेहुणा. त्यामानाने तीन. कळवलं. 'बाकी काही?' असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. म्हटलं, तुम्ही आकडा मागितलात, मी आकडा दिला. बायको बाजारात होती, नाहीतर हातातला फोनच ओढला असता.

आल्यावर उलटीचं कळलं आणि तोफखाना सुटला. 'अहो, दुखणं वाढलं की तुम्ही दहाच वर ढकलणार, तर आकडा वाढणार कसा? सरणावरूनही तीनच म्हणाल! उद्या तुमचं काही ऐकणार नाही, सरळ भरती करणार.'

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. ताप होता म्हणून.

गुरुवार, ६ जून

शून्य! पहाटे एकदम कळ थांबली. अगदी दिवा मालवावा तशी! बायकोला हाक मारून सांगितलं. ती पदराने डोळे पुसत उशाशी बसली. म्हटलं, बघ, भरती करणार होतीस ना? आता मेहुण्यालाही कळव, न कापता बरा झालो म्हणून. आणि कडक चहा टाक. तोवर मी स्वतः दवाखान्यात फोन करतो. आज कुठे आकडा सांगायला मजा येणार!

थोड्या वेळाने —

'शून्य' म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून? म्हटलं, पहाटे दिवा मालवल्यासारखं थांबलं. मग एकदम ओरडल्या — 'एकाएकी थांबलं? अपेंडिक्स फुटलं असणार! जागचे हलू नका, पाणीही पिऊ नका. गाडी पाठवते.' बायकोने चहाचा गॅस बंद केला आणि पिशवी भरायला घेतली. तिला टॉवेल सापडत नाहीये. पोट लाकडासारखं कडक लागतंय. दुखत काहीच नाही. मला फार भीती वाटते आहे.