वाल्मिकची पाठ लागेपर्यंत

ता. ३ फेब्रुवारी १९४६

आजही हे तालमीतच निजले! गेल्या जत्रेत भिवपुरीच्या वाल्मिकशी यांची कुस्ती बरोबरीत सुटली, आणि यांनी मारुतीपुढे नारळ फोडला — "वाल्मिकची पाठ मातीला लावीन, तवाच घरी निजीन!" घरी येतात ते दूध प्यायला. मी चौथीपर्यंत शिकले, पण अशी शपथ कुठल्या पुस्तकात नव्हती बाई!

ता. ९

बाजारात बांगड्या भरताना शेजारी एक हसरी बाई. निघाली वाल्मिकची सोनुबाई! मी तोंड फिरवणार, तर तीच म्हणाली, "तुजा पन तालमीतच का गं? माज्यानं तुज्या हिरामणला पाडायची शपथ घेतलीय!" दोघी इतक्या हसलो की कासार वैतागला. मग ती पदरानं डोळे पुसत बसली. वाईट वाटलं.

ता. १४

खालापूरची जत्रा. फडात बायकांनी जायचं नाही, म्हणून देवळामागे कान देऊन बसले. सखाभावजी धावत येऊन निकाल सांगायचे — पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, खोपोलीचा शुक्रा चीत, चौकचा गडी बरोबरीत.

"आन् शेवटची?"

"वैनी, दादानं ढाक लावली! वाल्मिक उताना!"

हलगी अशी कडाडली! मी नाचलेच थोडी. कोणी बघितलं नसेल.

ता. १५

वळकटी बगलेत मारून घरी आले! घोरतात मात्र म्हशीसारखे. घोरोत बापडे. मी फार सुखात आहे.

ता. १८

जेवताना यांना सोनुबाईचं सांगितलं. घास हातातच राहिला. "मंग तिनं आनखी किती दिस वाट बघायची?"

"शपथ त्यांची. आपण काय करणार?"

यांनी कालवणही परत मागितलं नाही.

ता. २७

कर्जतच्या जत्रेत वाल्मिकनं यांना पाडलं! पहिल्याच झटक्याला! म्हणे पाय घसरला. गाव खवळलंय. आत्याबाई तर माझ्यावरच — "घरी निजला न् दम गेला! बायकूनं पैलवान खाल्ला!" चुलीपुढे बसून रडले. हे मात्र दोन भाकऱ्या जास्त जेवले.

ता. २८

सकाळी विचारलं, "पाय खरंच घसरला का हो?"

अंगाला तेल चोळत हसले. "काल सोनुबायचा मानूस घरी निजला आसंल बग."

गाव मला नावं ठेवतंय. ठेवू दे!