टप चार बोटं उंच

सोम., ११ नोव्हें. २०१३

काल जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात दुसरा आलो. पहिला कोण, तर ज्याच्या कापडी टपाला नायलॉनचा, हल्लीचा दोरा आहे तो! मला तो दोरा दहा फुटांवरून दिसला. परीक्षकाला नाकाखाली दिसला नाही. परीक्षक म्हणजे मुंबईहून आलेलं एक पोरगं, हातात मोबाइल, बुटात मोजे नाहीत. माझ्या गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, उघडून वर ताणलेल्या टपाला टेप लावली आणि म्हणाला, "काका, गाडी सुंदर आहे, पण टप चार बोटं उंच आहे. फॅक्टरीतून असा येत नाही. लोकल काम दिसतंय." पाच गुण वजा.

मी म्हटलं, "तुम्ही होतात का फॅक्टरीत?" हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात?

घरी येईपर्यंत बायकोशी, सु.शी, एक शब्द बोललो नाही. तिनंही विचारलं नाही. बत्तीस वर्षं कारखान्यात दुसऱ्यांचा माल मापून नापास केला मी. आणि माझाच माल एका बिनमोज्याच्या पोरानं... राग त्याचा नाही. राग याचा की तो बरोबर बोलला.

बुध., १३ नोव्हें.

गाडीच्या कंपनीचा छापील कॅटलॉग काढला. पान अकरा, टप उघडलेल्या गाडीची आकृती, मापांसकट. माझा टप तीन इंच जास्त. चार बोटं म्हणजे तीनच इंच, पोराची नजर वाईट नाही.

हे मला नवीन नाही. माझे वडील, अण्णा, एका वकीलसाहेबांचे ड्रायव्हर. साहेब पगडीशिवाय घराबाहेर पडत नसत, आणि पगडी टपाला घासलेली त्यांना खपायची नाही. साहेबांची नजर गेल्यावर गाडी त्यांनी अण्णांना दिली. अण्णा आल्यागेल्याला सांगायचे, "साहेबांनी पगडी घालून खुर्चीवर बसून माप घेतलं होतं, मी स्वतः फूटपट्टी धरली होती. ते माप विलायतेला गेलं. टप तिकडूनच तसा आला, बोटीतून."

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हातात नवीन व्हर्नियर, डोक्यात वारं. चार पाहुण्यांसमोर विचारलं, "पुरावा काय, अण्णा?" अण्णा जेवत होते. माझ्याकडे बघितलं, हात धुतला आणि उठले. परत तो विषय माझ्यासमोर कधी काढला नाही.

माझं मत तेव्हाही हेच होतं: टप साहेबांनी इथंच, पुण्यात, उंच करून घेतला असणार, आणि बोटीची गोष्ट अण्णांनी मागून जोडली. ड्रायव्हर माणूस, साहेबाचं कौतुक जरा जास्तच.

जानेवारीत पुढचं प्रदर्शन. टपाच्या कमानी कापून कॅटलॉगच्या मापाला आणायच्या. ठरलं.

शनि., १६ नोव्हें.

भवानी पेठ. यूसुफभाई. या गाडीचं कुशन, टप, सगळं आधी त्यांच्या वडिलांनी केलं आणि चाळीस वर्षं हे करतायत. मी गाडी दारात लावली, टप उघडला, कॅटलॉग पुढं केला. त्यांनी कॅटलॉगकडे बघितलंच नाही. टपाच्या तिन्ही लाकडी कमानींवरून अंगठा फिरवत बसले, आंधळ्यासारखे डोळे मिटून.

"वसंतराव, सांधा कुठंय दाखवा. कमान उंच करायची म्हणजे लाकूड जोडावं लागतं. जोडलं की सांधा आला. रंगाखालीसुद्धा हाताला लागतो. इथं नाही."

"खाली असेल. लोखंडी खोबणीत."

"मग खोबणीतून काढून बघू ना. आधी बघू, मग कापायचं का ते ठरवू."

आधी बघू! स्क्रू गंजून एकजीव झालेत. एकदा काढायचे, बघायचं, परत बसवायचं, परत काढायचं. छापील माप समोर असताना लाकूड कशाला चाचपायचं? मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "मी नाही कापणार."

मग मी जे बोललो ते लिहून ठेवतो, कारण उद्या मी म्हणेन की असं बोललोच नव्हतो. म्हणालो, "तुमच्या वडिलांनीच वाढवल्या असतील कमानी. म्हणून तुमचा हात धजत नाही."

ते उठले, फळीवरून एक घडी काढली. गाडीबरोबर आलेलं टपाचं पहिलं कापड, त्यांच्या वडिलांनी नमुन्याला ठेवलेलं. माझ्या हातात दिलं. "घेऊन जा. दुसरीकडं माप लागेल त्यांना."

गेले उडत. पुण्यात काय एकच कुशनवाला आहे?

गुरु., २१ नोव्हें.

वाघोली. नगर रोडवर मोठी शेड, काचेचं ऑफिस, आत कॉफीचं मशीन. मालक पस्तिशीचा, केदार. मला 'अंकल' म्हणतो. "अंकल, नो टेन्शन, पेज व्हॉट्सअॅप करा, एक्झॅक्ट फॅक्टरी स्पेक मारून देतो." मारून देतो!

आठ कलमांची यादी लिहून दिली, सहीसकट. कापड कोणतं, दोरा कोणता, इंचाला टाके किती. कलम सहा: काढलेला, कापलेला प्रत्येक लाकडी व लोखंडी तुकडा परत पाहिजे. कारखान्यातली सवय. काढलेला माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय बिलावर सही नाही.

"अंकल, तुकडे काय करणार तुम्ही?"

"लोणचं घालणार."

सु. संध्याकाळी म्हणाली, "अहो, त्या टपानं तुमचं काय घोडं मारलंय? यूसुफभाई नको म्हणाले तर थांबायचं होतं." सगळ्यांना सगळं कळतं या घरात. मलाच काय ते कळत नाही.

मंगळ., ३ डिसें.

वाघोलीला तिसरी फेरी. कमानी कापून झाल्या, बरोबर तीन इंच, मी स्वतः मापल्या. पण दोरा पांढरा! यादीत खाकी लिहिलंय, ठळक लिहिलंय, खाली रेघ मारलीय. केदार म्हणाला, "अंकल, कोण बघतं एवढं?" त्याला म्हटलं, मी बघतो. सगळं उसवायला लावलं. तो मनात काय म्हणाला ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

शनि., १४ डिसें.

गाडी घरी आली. कर्वेनगरात गल्लीच्या तोंडापासून लोक बघत होते. अंगणात टप उघडून मापला. कॅटलॉग आणि गाडी, केसाचा फरक नाही. अर्धा तास नुसता बघत उभा राहिलो.

सु.ला मागं बसवलं. "लागतंय," म्हणाली. काय लागतंय? तर अंबाडा. टपाला अंबाडा लागतो.

"कॅटलॉगमधे अंबाडा नाही," मी म्हटलं.

"कॅटलॉगमधे मीही नाही," ती म्हणाली आणि उतरून आत गेली.

तुकड्यांची पिशवी गॅरेजच्या फळीवर टाकली. उघडायला वेळ झाला नाही.

रवि., २२ डिसें.

सकाळी पिशवी उघडली. तीन कमानी, सहा तुकडे. प्रत्येकाला चिठ्ठी बांधायला बसलो: 'मूळ नसलेले भाग'. तीन बांधून झाल्या. चौथा तुकडा हातात घेतला तर बाजूला काहीतरी ठोकलेलं. खोबणीत दडलेला भाग, त्यावर रंग कधी गेलाच नव्हता. चष्मा पुसला, उन्हात नेला.

४४१७. पुढं अधिकचं चिन्ह. पुढं तीन.

सहाही बघितले. सहाहींवर तेच.

बॉनेट उघडलं. बॉडीच्या नंबराची पितळी पट्टी. ४४१७.

सांधा कुठंच नाही.

सोम., २३ डिसें.

भिंग घेऊन बसलो. ठशाच्या खोलात जुनं वार्निश उतरलेलं आहे. म्हणजे आधी ठसा, मग वार्निश. म्हणजे तिकडं, ज्यानं कमान वाकवली त्यानंच ठोकला. ही गाडी सोडून बाकी सगळ्यांना कॅटलॉगचं माप. हिला अधिक तीन. पगडीचे तीन.

ऐंशी वर्षं ते लाकूड त्या खोबणीत बसून होतं. एक आठवडा थांबून स्क्रू काढले असते तर. यूसुफभाई म्हणाले होते आधी बघू. आधी बघू, एवढंच म्हणाले होते! तपासणी म्हणजे दुसरं असतं काय? बत्तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं, कागदावर विसंबू नका, माल बघा. शेण खाल्लं मी. चांगलं यादी करून, सही करून खाल्लं.

अण्णांचा मला राग येतो. एकदा तरी माझ्या कानाखाली द्यायची होती. उठून गेले नुसते. हात धुऊन.

मंगळ., २४ डिसें.

वाघोलीला फोन. यूसुफभाईंनी दिलेलं, मी तिथं मापाला ठेवलेलं जुनं कापड कुठंय? कमानी गेल्या तरी पहिल्या कापडावर पहिलं माप आहे, ते दाखवता येईल.

"कुठलं, ते फाटकं? अंकल, ते पोरांनी गाड्या पुसायला घेतलं."

ओरडलो. शेजारचे गॅलरीत आले. तो शांतपणे म्हणाला, "अंकल, यादीत लाकडी आणि लोखंडी लिहिलंय. कापड लिहिलं नव्हतं."

यादी बघितली. नव्हतं लिहिलं.

शनि., २८ डिसें.

चार दिवस उद्या जाऊ, उद्या जाऊ. आज सु.नं चहा पुढ्यात ठेवून विचारलं, "येऊ का मी बरोबर?" तेव्हा लाज वाटून एकटा गेलो.

यूसुफभाई मशीनवर होते. वर बघितलं नाही. मी सहा तुकडे समोर मांडले, चिठ्ठ्या काढून. मशीन थांबलं. एकेक उचलून अंगठा फिरवला. ठशावर आला की थांबायचा.

"हे माझ्या वालिदांनी वाढवलं, नाही का?" म्हणाले.

"चुकलो," मी म्हटलं. हा शब्द मी शेवटचा कधी वापरला, आठवत नाही.

"मला सांगून काय उपयोग? ते ऐकायला नाहीत."

तेही नाहीत आणि अण्णाही नाहीत. कापड कुठंय, असं त्यांनी विचारलं. खरं सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कमानी परत जोडता येतील?"

"येतील. का नाही येणार? असा जोडून देईन की तुम्हाला दिसणार नाही. पण सांधा तो सांधा, वसंतराव. उद्या कुणीतरी अंगठा फिरवणार आणि म्हणणार, ही बघा, वाढवलेली आहे." थांबले. "आणि त्याचं खरं असेल."

मी तुकडे गोळा करायला लागलो. त्यांनी एक उचलून गल्ल्यावर ठेवला. "हा राहू दे. शो झाल्यावर या. मग बघू."

जोडतो म्हणाले नाहीत. नाही जोडत, असंही नाही.

शुक्र., १७ जाने. २०१४

प्रदर्शनाचा फॉर्म आला. त्याच परीक्षक पोराचा फोनही, "काका, टप करेक्ट केलात असं ऐकलं. ग्रेट!" करेक्ट. फोन ठेवून दिला.

फॉर्ममधे नववा रकाना: 'टप मूळ मापाचा आहे / नाही.' नको ते खोडा. खाली सही.

'आहे' म्हटलं तर पोरगं टेप लावणार, कॅटलॉगशी जुळणार, पाचच्या पाच गुण. पहिला नंबर नक्की. आणि मी अण्णांना दुसऱ्यांदा खोटं ठरवणार, या वेळी लेखी. 'नाही' म्हटलं तर तो हसणार. काका, कॅटलॉग बघा. मग खिशातून पाच तुकडे काढायचे आणि चार लोकांसमोर सांगायचं की हा टप खरा होता आणि तो मी, सहासष्ट वर्षांच्या तपासनिसानं, यादी करून कापला.

गाडी न्यायचीच नाही, हाही एक मार्ग आहे. तो पळपुटेपणा सु.ला सुचला नाही, मला सुचला.

रवि., १९ जाने.

मैदानावर. गाडीत बसून लिहितोय. आमचा नंबर चौदा. ऊन चढलंय म्हणून टप डोक्यावर ओढलाय, सु. मागं बसलीय. अंबाडा सोडून वेणी घातलीय तिनं आज, टप लागू नये म्हणून. मला सांगितलं नाही, आरशात दिसलं. एवढा राग आला की काय सांगू. तिचा नाही.

पोरगं बाराव्या गाडीशी आहे. आज मोजे आहेत. लांबूनच अंगठा वर करून दाखवला त्यानं मला.

तुकडे कोटाच्या खिशात आहेत, बसताना टोचतात. फॉर्म मांडीवर. बाकी सगळे रकाने भरले, खालची सही राहिलीय. पुरावा काय, अण्णा, असं मी विचारलं होतं. हा घ्या पुरावा, पाच तुकडे, सहावा यूसुफभाईंच्या गल्ल्यावर.

तेरावी गाडी छोटी आहे, पाच मिनिटांत उरकेल.

सु. मान वाकडी करून पुढं डोकावतेय. "लिहिलंत का?" म्हणाली.

नववा रकाना अजून तसाच आहे. पेन चालतंय, तीही सबब नाही.